जन्मतः हिमोग्लोबिन ४.१, पार्वोव्हायरस पॉझिटिव्ह. बाळाला पुन्हा पुन्हा रक्त द्यावं लागतंय, कुणाला अनुभव आहे का?

मीरा_गोदाकाठ | ११ जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचक असते पण आज झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले. माझ्या धाकट्या बहिणीला ३४व्या आठवड्यात मुलगा झाला. बाळाची हालचाल कमी वाटली म्हणून ती तपासायला गेली, सोनोग्राफीत बाळाच्या पोटात आणि छातीत पाणी दिसलं आणि त्याच रात्री सिझेरियन. बाळ पांढरंफटक होतं, म्हणजे अक्षरशः मेणासारखं. हिमोग्लोबिन ४.१, प्लेटलेट ६२ हजार. लगेच दुसऱ्या हॉस्पिटलच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात हलवलं, तिथे पहिल्या काही तासांतच थोडं रक्त काढून थोडं घालणं असं केलं, चार दिवस व्हेंटिलेटर. पीसीआरमध्ये पार्वोव्हायरस बी-१९ निघाला.

त्यानंतर ९व्या दिवशी रक्त, २१व्या दिवशी रक्त. आज बाळ ३६ दिवसांचं आहे, वजन २.४ किलो, दूध ओढून पितं, बघतं, सगळं छान, आणि हिमोग्लोबिन परत ७.१. डॉक्टर म्हणतात अजून एकदा द्यावं लागेल. मेहुणे आता हबकलेत, की हे आयुष्यभर असंच का? थॅलेसेमियासारखं? कुणीतरी आयव्हीआयजी नावाचं महागडं इंजेक्शन सुचवलंय. डॉक्टर चांगले आहेत, विचारलं की सांगतात, पण पाच मिनिटांत किती विचारणार. कुणी यातून गेलंय का?

---

सोनचाफा | ११ जून, रात्री ११:५२

अगं बापरे. मला यातलं काही माहीत नाही पण धाग्यावर लक्ष ठेवून आहे. बाळाला खूप खूप आशीर्वाद.

---

बालमित्र_डॉ | १२ जून, सकाळी ६:१५

मीराताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे. बाळ न बघता उपचार सांगणार नाही पण तुमच्या मेहुण्यांच्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. आयुष्यभर नाही. थॅलेसेमियात लाल पेशी बनवण्याची कृतीच जन्मापासून चुकलेली असते. इथे कृती ठीक आहे, कारखाना बंद पडलाय. हा विषाणू बोनमॅरोमधल्या ज्या पेशींपासून लाल पेशी तयार होतात नेमक्या त्यांच्यातच शिरतो आणि त्यांना मारतो. बाळाच्या शरीराने विषाणू आवरला की कारखाना परत सुरू होतो. तोपर्यंत जे रक्त देताय तो औषधोपचार नाही, ती विकत घेतलेली मुदत आहे. या विषाणूवर मान्यताप्राप्त औषध नाही, लसही नाही.

तुम्ही सगळे हिमोग्लोबिनकडे बघताय, ते स्वाभाविक आहे, पण मला विचाराल तर रेटिक बघा. रेटिक्युलोसाइट म्हणजे नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या लाल पेशी. रक्त दिलं की हिमोग्लोबिन वाढणारच, ते दात्याचं आहे. कारखाना सुरू झाला की नाही ते रेटिक सांगतं. शेवटचं किती आलं होतं?

---

मीरा_गोदाकाठ | १२ जून, सकाळी ७:०५

फाईलचा फोटो मागवून बघितला. ०.४ टक्के. ही ओळ आम्ही कुणी वाचलीच नव्हती.

---

सह्याद्रीचा_वाटसरू | १२ जून, सकाळी ९:३०

मीराताई, आमचं बाळ पोटात असतानाच यातून गेलं म्हणून सविस्तर लिहितो.

२०१७, बायको २३ आठवड्यांची. ती बालवाडीत शिकवायची. वर्गात तीन-चार पोरांचे गाल थापड मारल्यासारखे लाल झाले होते, कुणी फार मनावर घेतलं नाही, हिला दोन दिवस ताप आणि मग गुडघे-मनगटं दुखायला लागली. नशिबाने आमच्या सोनोग्राफीवाल्या मॅडम जुन्या आणि चिवट होत्या, त्यांनी सांधेदुखीचं ऐकलं आणि पार्वोची तपासणी करायला लावली. मग दर आठवड्याला डॉपलर. बाळाच्या मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत रक्त किती वेगाने धावतंय ते बघतात, रक्त पातळ झालं की ते जास्त जोरात पळतं. त्या वयाच्या बाळांचा जो मधला आकडा असतो त्याच्या दीडपट गेलं की रक्त बरंच कमी झालंय असं धरतात. आमचा १.७ आला.

दुसऱ्या दिवशी मुंबईत पोटातल्या पोटात रक्त दिलं. मी आत होतो, बायकोचा हात धरून. पोटावरून सुई आत, स्क्रीनवर ती एक चमकती रेघ दिसते, आणि ती नाळेच्या शिरेत नेऊन ठेवायची, बाळ हलू नये म्हणून त्याला आधी औषध देतात. सगळ्यात आधी थेंबभर रक्त काढून तपासलं, ३.५. मग ओ निगेटिव्ह, मुद्दाम घट्ट केलेलं रक्त, जेमतेम २५ मिली. चहाचे फार तर पाच चमचे. डॉक्टर सिरिंज ढकलत होते आणि स्क्रीनवर शिरेत ते रक्त शिरताना भुरभुर उडल्यासारखं दिसत होतं. संपताना ९च्या वर. पंधरा दिवसांनी आणखी एकदा दिलं आणि मग लागलंच नाही. पोरगी आता शाळेत जाते आणि घराच्या जिन्यावरून एका वेळी दोन पायऱ्या उतरते, मी रोज ओरडतो.

---

इतिहासवेडा | १२ जून, सकाळी १०:१०

वाटसरू, अंगावर काटा आला वाचताना. पोटातल्या बाळाला रक्त देण्याची कल्पना न्यूझीलंडची. ऑकलंडमध्ये डॉ. विल्यम लायली यांनी १९६३मध्ये पहिल्यांदा केलं, आईचा आणि बाळाचा आर-एच रक्तगट न जुळल्याने ज्यांच्या लाल पेशी फुटतात त्या बाळांसाठी. तेव्हा आजच्यासारखी सोनोग्राफी नव्हती, एक्स-रेच्या आधाराने बाळाच्या पोटात रक्त सोडायचे आणि ते हळूहळू शोषलं जायचं. आणि बी-१९ हे नाव कुठून आलं? १९७५मध्ये लंडनला यव्हॉन कोसार्ट आणि त्यांचे सहकारी कावीळ-बी साठी रक्ताचे नमुने तपासत होते, त्यातल्या बी पॅनेलच्या १९ नंबरच्या नमुन्यात हा सापडला. त्याने काय आजार होतो हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

---

केशर_पिस्ता | १२ जून, सकाळी ११:००

एक शंका. हा आजार मुलांना नेहमी होतो म्हणता, मोठ्यांनाही होत असेल, मग त्यांचं रक्त का नाही उतरत? पोटातल्या बाळालाच एवढा फटका का?

---

वैदर्भीय_सिकल | १२ जून, दुपारी १२:२०

केशर, याचं उत्तर आमच्या भागातल्या कुणालाही विचार. मी गडचिरोली-चंद्रपूर भागात सिकलसेलचं काम करते. निरोगी माणसाची लाल पेशी १२० दिवस जगते, त्यामुळे कारखाना आठ-दहा दिवस बंद राहिला तरी गोदामात भरपूर माल असतो, कळतही नाही. सिकलसेलच्या मुलाची पेशी १०-२० दिवसच टिकते. त्याला हाच विषाणू झाला की आठवड्यात हिमोग्लोबिन ८ वरून ३-४ वर. मी स्वतः एक नऊ वर्षांचा मुलगा असा बघितलाय, सोमवारी झाडावर चढला होता आणि शनिवारी आईच्या खांद्यावरून आला, जिभेचा रंग गेलेला. त्याचंही रेटिक शून्याच्या जवळ होतं. वेळेवर रक्त मिळालं म्हणून वाचला.

पोटातल्या बाळाचं तसंच. त्याच्या पेशी मोठ्यांपेक्षा कमी जगतात आणि बाळ झपाट्याने वाढत असतं, म्हणजे खर्च दुप्पट आणि आवक बंद. त्यात हा विषाणू हृदयाच्या स्नायूलाही त्रास देऊ शकतो. रक्त पातळ, हृदय थकलेलं, म्हणून अंगात पाणी साचतं.

---

मीरा_गोदाकाठ | १२ जून, दुपारी १:४५

इतकं नीट कुणी समजावलंच नव्हतं. धन्यवाद सगळ्यांना.

एक जरा घरगुती. बहिणीची मोठी मुलगी पाच वर्षांची. मार्चमध्ये तिचे गाल लाल झाले होते, उन्हाने असेल म्हणून आम्ही कोरफड लावली. आता सासरची मंडळी म्हणतात तूच पोरीला जवळ घेऊन झोपायचीस, तुझ्यामुळेच झालं. आणि पोरीला बाळाच्या जवळ येऊ देत नाहीत. ती दारात उभी राहून रडते.

---

जिजाऊची_लेक | १२ जून, दुपारी २:०२

मीरा, त्या मंडळींना स्पष्ट सांग की पाच वर्षांच्या लेकीला आईने जवळ घ्यायचं नाही तर कुणी घ्यायचं! माझंही असंच झालं होतं, कारण वेगळं होतं, पण "तुझ्यामुळे" हा शब्द मी अजून विसरलेले नाही आणि त्या वेळी माझ्या बाजूने कुणीच बोललं नाही. तू बोल.

---

बालमित्र_डॉ | १२ जून, दुपारी ३:३०

जिजाऊशी पूर्ण सहमत, आणि वैद्यकीय कारणही देतो. या आजारात गाल लाल होतात तेव्हा मूल संसर्ग पसरवायचं जवळपास थांबलेलं असतं. ते पसरवतं त्याच्या आधी, साध्या सर्दी-तापासारखं असतं तेव्हा. म्हणजे ओळखून लांब राहणं कुणालाच शक्य नव्हतं. गरोदर बायकांपैकी साधारण निम्म्यांना हा आजार लहानपणी होऊन गेलेला असतो, त्यांना काळजी नाही. उरलेल्यांपैकी कुणाला गरोदरपणात झाला तर बाळापर्यंत पोचण्याची शक्यता तीनात एकाच्या आसपास, आणि पोचला तरी बहुतेक बाळं काही न होता जन्मतात. तुमच्या बहिणीच्या वाट्याला ते आलं एवढंच.

मार्चमधले गाल म्हणजे मोठ्या मुलीचं केव्हाच संपलं. तिच्याकडून बाळाला आता काही धोका नाही. हात धुऊन तिला भावाजवळ बसू द्या.

---

जर्सीवाली_प्राची | १२ जून, संध्या. ६:५०

इकडे न्यू जर्सीत २०२४च्या उन्हाळ्यात आमच्या डेकेअरमधून मेल आला होता, आणि ऑगस्टमध्ये सीडीसीनेच, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसंस्थेनेच डॉक्टरांना सूचना काढली. तपासलेल्या लोकांमध्ये ताज्या संसर्गाचं प्रमाण आधी ३ टक्क्यांच्या आत होतं ते जूनमध्ये १० टक्के झालं. मी तेव्हा १८ आठवड्यांची. माझी अँटीबॉडी आधीची निघाली म्हणून सुटले. पण त्या चार दिवसांत रिपोर्ट येईपर्यंत मी मोठ्या मुलाचं नाक पुसतानासुद्धा थांबायचे. मीराच्या बहिणीचं काय झालं असेल कल्पना करवत नाही.

---

टॉर्च_आई | १२ जून, रात्री ८:१५

आमच्या बाळालाही जन्मजात विषाणू संसर्ग होता, पण दुसऱ्या विषाणूचा, सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस). हिमोग्लोबिन ८, प्लेटलेट ४० हजार, लिव्हर मोठं. त्याला मात्र औषध आहे, व्हॅलगॅनसायक्लोविर ६ महिने दिलं, दर काही दिवसांनी पांढऱ्या पेशी मोजत कारण त्या औषधाने त्या उतरतात. माझं म्हणणं आहे की प्रत्येकीने लग्नानंतर लगेच टॉर्च टेस्ट, म्हणजे गर्भाला बाधणाऱ्या काही संसर्गांची एकत्र रक्ततपासणी, करून घ्यावी. हे सगळं टळेल.

---

बालमित्र_डॉ | १२ जून, रात्री ९:००

ताई, तुमच्या बाळाबद्दल आनंद वाटला, पण इथे नाही म्हणावं लागतं. लॅबच्या नेहमीच्या टॉर्च पॅकेजमध्ये पार्वो नसतोच, तेव्हा टळलं काहीच नसतं. उलट ताप-पुरळ काही नसताना केलेल्या त्या पॅकेजमध्ये जुना संसर्ग दिसतो आणि घाबरून चांगल्या गर्भाचं बरंवाईट ठरवायला निघालेली जोडपी मी बघितली आहेत. लक्षणं असतील, संपर्क आला असेल, सोनोग्राफीत काही दिसलं असेल तर नेमकी तपासणी करावी.

---

टॉर्च_आई | १२ जून, रात्री ९:२०

पटलं. लक्षणं असताना करावी असं म्हणायला हवं होतं. सीएमव्हीच्या पालकांसाठी एक सांगते, लघवी किंवा लाळेची तपासणी जन्मापासून ३ आठवड्यांच्या आत व्हायला हवी, नंतर संसर्ग पोटातला की बाहेरचा ते ठरवता येत नाही. आणि कानांची तपासणी एकदा करून थांबू नका.

---

विलास_रक्तपेढी | १३ जून, सकाळी ८:४०

मी रक्तपेढीत २२ वर्षं तंत्रज्ञ आहे. "बाबांचंच रक्त द्या" हा हट्ट आमच्याकडे रोज येतो म्हणून लिहितो. जवळच्या नातेवाइकाचं रक्त लहान बाळाला धोक्याचं ठरू शकतं, त्यातल्या पांढऱ्या पेशी बाळाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, त्या तिथे रुजतात आणि बाळावरच उलटतात. द्यायचंच तर किरणोत्सर्ग दिलेलं असावं लागतं. बाबांनी दुसऱ्या कुणाच्या बाळासाठी द्यावं, त्याची गरज कायमच असते.

दुसरं. एवढ्या लहान बाळासाठी एकाच दात्याची पिशवी चार छोट्या पिशव्यांत विभागता येते. मग दर वेळी नवा दाता लागत नाही. २.४ किलोच्या बाळाचं सगळं रक्त मिळून २०० मिलीच्या आत, एका कपाएवढं, त्याला एका वेळी किलोमागे १०-१५ मिली देतात म्हणजे तीसेक मिली. मीराताई, पुढच्या वेळी अशी छोटी पिशवी (पेडी बॅग) आणि पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त मिळेल का ते विचारा.

तिसरं, पहिल्या चार महिन्यांत क्रॉसमॅचसाठी, म्हणजे दात्याचं रक्त जुळतं का ते बघण्यासाठी, आईचा नमुना लागतो कारण बाळाच्या अंगात अँटीबॉडी आईच्याच असतात.

---

मीरा_गोदाकाठ | १३ जून, सकाळी ९:१०

विलासदादा, ते आईच्या नमुन्याचं! बहीण प्रसूतीच्या हॉस्पिटलात, बाळ शहराच्या दुसऱ्या टोकाला. मेहुणे पहाटे तीन वाजता तिच्या रक्ताची ती जांभळ्या बुचाची नळी शर्टाच्या खिशात घालून स्कूटरवरून आले, एक हात सतत खिशावर. आम्हाला वाटलं होतं हॉस्पिटलवाल्यांचा काहीतरी घोळ झालाय, बाळाच्या रक्तासाठी आईचा नमुना कशाला मागतात.

---

सिस्टर_एनआयसीयू | १३ जून, दुपारी ४:३०

सुरुवातीला "थोडं काढून थोडं घातलं" असं मीराताईंनी लिहिलंय त्याबद्दल. हिमोग्लोबिन ४ असलेल्या बाळाचं हृदय आधीच फुगलेलं असतं, एकदम रक्त घातलं तर ते बुडेल. म्हणून नाळेच्या शिरेतून ५ मिली पातळ रक्त काढायचं, ५ मिली घट्ट रक्त घालायचं, परत ५ काढायचं. एक सिस्टर मोठ्याने आकडे म्हणते, दुसरी कागदावर रेघा मारते. मी रेघा मारणारी असते. काढलेल्या सिरिंजमधलं रक्त सुरुवातीला रसनासारखं पारदर्शक दिसतं आणि शेवटी शेवटी ते रक्तासारखं दिसायला लागतं. नंतरचे डोस साध्या पंपावर तीन-चार तासांत जातात, त्या वेळात आम्ही दर पंधरा मिनिटांनी ठोके बघतो. आणि हो, पार्वोचं बाळ असलं की आमच्यातली जी गरोदर आहे तिला त्या बाजूला ड्युटी देत नाही.

---

निरंजन_पुणेकर | १३ जून, रात्री १०:००

आयव्हीआयजीबद्दल कुणीच बोललं नाही. आमच्या बाळाला दिलं. सातव्या आठवड्यात, पाच दिवस. दहा दिवसांत रेटिक वर. माझ्या मते हे सगळ्यांनाच द्यायला हवं, पैशासाठी थांबू नका.

---

सह्याद्रीचा_वाटसरू | १३ जून, रात्री १०:२५

निरंजन, आनंद आहे. पण आमच्या शेजारच्या कॉटवरच्या बाळाला पार्वोच होता, त्याला दिलं नाही आणि तेही आठव्या-नवव्या आठवड्यात स्वतःहून उठलं.

---

बालमित्र_डॉ | १४ जून, सकाळी ६:४०

दोघांचंही खरं आहे आणि अडचण तीच आहे. आयव्हीआयजी म्हणजे हजारो दात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडी, त्यात पार्वोविरुद्धच्याही असतात. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मोठ्या रुग्णांत, जिथे विषाणू महिनोन्‌महिने हटत नाही, तिथे त्याचा उपयोग चांगला दिसतो. नवजात बाळांमध्ये सुट्या सुट्या केसेस आहेत, काहींना फायदा झाला, काहींना नाही. निरंजन, तुमच्या बाळाला त्यानेच फरक पडला असेलही, पण सातवा-आठवा आठवडा हीच बऱ्याच बाळांची आपोआप उठण्याची वेळ असते. म्हणून मी सरसकट द्या म्हणणार नाही. रेटिक आठवडेच्या आठवडे हललं नाही, विषाणूचं प्रमाण उतरत नसलं तर देण्याचा विचार मी नक्की करेन. आणि तसं लांबलं तर डायमंड-ब्लॅकफॅनसारखा जन्मजात आजार नाही ना हेही बघावं लागतं, तिथेही रेटिक असंच पडलेलं असतं. अशा तपासण्यांचं रक्त बाटली लावायच्या आधी काढून ठेवायला सांगा, नंतर दात्याच्या पेशी मिसळतात.

---

गोडबोले_आजी | १४ जून, सकाळी ८:००

बाळाच्या आईने बीट, अंजीर, खजूर खावं. बाळाला बाळगुटीत लोहभस्म अगदी कणभर.

---

सिस्टर_एनआयसीयू | १४ जून, सकाळी ८:३०

आजी, आईने खजूर जरूर खावेत, तिचंही रक्त गेलंय. पण बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको, भस्म तर नकोच. या बाळाला लोह कमी नाहीये, उलट दिलेल्या प्रत्येक रक्तातून लोह साठतंय. लोहाचे थेंब कधी सुरू करायचे ते डॉक्टर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) बघून ठरवतात.

---

गोडबोले_आजी | १४ जून, सकाळी ८:४५

बरं गं बाई, चुकलं. काढून टाकते म्हणजे कुणी करायला नको.

---

इतिहासवेडा | १४ जून, दुपारी १२:००

थोडं अवांतर. हा विषाणू लाल पेशीत शिरतो तो पेशीवरच्या पी नावाच्या खुणेला धरून. जगात अगदी मोजक्या लोकांच्या पेशींवर ही खूण नसते आणि त्यांना हा आजार होतच नाही. रक्तगटाची अशी दुर्मिळ गंमत म्हटलं की आपल्याला बॉम्बे ब्लड ग्रुप आठवतो, १९५२मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला. त्या बॉम्बे गटाच्या लोकांना मात्र ओ गटाचंही रक्त चालत नाही, फक्त आपल्यासारख्याचंच.

---

विलास_रक्तपेढी | १४ जून, दुपारी १२:३०

आमच्याकडे असे दोन दाते नोंदलेले आहेत. एकाला मध्यरात्री फोन केला तरी "निघालो" एवढंच म्हणतो.

---

आशा_वर्कर_नंदुरबार | १५ जून, सकाळी ७:३०

खर्चाचं कुणीतरी वाचत असेल म्हणून सांगते. सरकारी दवाखान्यात आजारी बाळाला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात रक्त, तपासणी, औषध, गाडी सगळं मोफत आहे, २०११पासून. आधी ३० दिवसांपर्यंत होतं, आता एक वर्षापर्यंत. मी घरी बाळ बघायला जाते तेव्हा तळवे आणि तळपाय उघडून बघते. काळ्या-सावळ्या बाळाचा फिकेपणा तोंडावर कळत नाही, तळव्यावर कळतो. दूध पिताना कपाळावर घाम येतो का, मधेच थांबून धापा टाकतं का ते आईला विचारते. असं असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

---

मीरा_गोदाकाठ | १५ जून, सकाळी १०:००

हे मी बहिणीला जसंच्या तसं वाचून दाखवलं. काल चौथं रक्त दिलं, पेडी बॅगमधून, २८ मिली. आयव्हीआयजी सध्या थांबवलंय, डॉक्टरांशी बोलून दोन आठवडे रेटिक बघायचं ठरलं.

---

मीरा_गोदाकाठ | ६ जुलै, रात्री ९:१५

उशीर झाला त्याबद्दल माफ करा, रोज लिहीन म्हणत होते. २४ जूनला रेटिक ०.९. आम्ही कुणी काही बोललो नाही. १ जुलैला ३.८ टक्के. आज परत ५.२, आणि हिमोग्लोबिन ९.३, रक्त न देता. मेहुण्यांनी त्या ५.२ ला पेनने गोल केलाय आणि फाईल टीव्हीवर उभी करून ठेवलीय. मोठी ताई रोज संध्याकाळी भावाचे तळपाय बघते आणि सगळ्यांना रंग सांगते. आज म्हणाली "पेरूच्या आतल्यासारखे."

---

सोनचाफा | ६ जुलै, रात्री ९:१८

रडवलंस गं.

---

बालमित्र_डॉ | ७ जुलै, सकाळी ६:२०

उत्तम! आता दोन ते तीन महिन्यांच्या सगळ्याच बाळांचं हिमोग्लोबिन थोडं खाली येतं, ९-१० दिसलं तर घाबरू नका, रेटिक चांगलं आहे तोवर. हृदयाची इको एकदा परत करा, आणि वाढ-विकासाच्या भेटी चुकवू नका.

---

मीरा_गोदाकाठ | ७ जुलै, सकाळी ७:५०

हो डॉक्टर. एक शेवटचं, रक्त दिल्यामुळे लसी पुढे ढकलायच्या का? बीसीजी राहिलीय.

---

बालमित्र_डॉ | ७ जुलै, सकाळी ८:०५

बीसीजी आणि पोलिओला रक्ताची अडचण नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारून देऊन टाका. गोवर-रुबेलाला रक्तानंतर सहा महिन्यांचं अंतर लागतं, शेवटचं रक्त १४ जूनचं, म्हणजे १४ डिसेंबरनंतर. त्याचे नऊ महिने त्यानंतरच भरतात, त्यामुळे तीही वेळेवरच होईल.

---

मीरा_गोदाकाठ | ७ जुलै, सकाळी ८:०७

कॅलेंडरवर लिहिलं.